पाच मिनिटांची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी काशाची घंटा आहे आणि मला माणसांचा वीट आला आहे. लहानांशी बोलताना असं पहिल्याच वाक्यात बोलू नये, हे मला समजतं. पण काय करू, घंटेला कुजबुजता येत नाही.

माझी जागा नगरसभेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात आहे. माझ्या डावीकडे सभागृहाचं मोठं दार, त्याला काचा आहेत. उजवीकडे उपाहारगृह. समोर पुरुषांचं स्वच्छतागृह; ते स्वच्छ असतं असं कागदोपत्री आहे. आणि कोपऱ्यात एक अरुंद जिना, तो प्रेक्षकांच्या सज्जात जातो. या चार वाटांच्या मधोमध मी त्रेपन्न वर्षं टांगलेली आहे. माणसं आपला कारभार आपणच कसा चालवतात, ते मी इथून पाहिलं. न पाहिलेलं बरं होतं.

माझा जन्म मात्र चांगल्या घरचा. नवी नगरसभा झाली तेव्हा ठरलं की घंटा विकत आणायची नाही, गावाची गावानेच घडवायची. शहराच्या साठ प्रभागांतून तांब्याचं एकेक भांडं आलं. कुणाचा बुडाला भोक पडलेला तपेला, कुणाची कान तुटलेली घागर. ओतारीदादांनी ती सगळी मुशीत घातली, वर कथील टाकलं. त्यांची बायको भात्याजवळ बसून म्हणाली, "एवढ्या घरांची भांडी वितळवलीत. आणि नाही वाजली तर?"

"वाजेल," ओतारीदादा म्हणाले. "कोण ऐकेल, ते मला विचारू नकोस."

मी वाजले. अशी वाजले की रस्त्यावरची कबुतरं उडाली.

माझं काम काय, ते मला त्या वेळच्या चिटणीसबाईंमुळे कळलं. चिटणीसबाई म्हणजे सभेचं सगळं कामकाज लिहिणाऱ्या आणि नियम सांभाळणाऱ्या. एकदा शाळेची मुलं सभागृह बघायला आली होती. बाईंनी त्यांना माझ्याखाली उभं केलं आणि विचारलं, "आपल्या शहरात साडेसहा लाख माणसं आहेत. ती सगळी या खोलीत मावतील?"

"नाहीऽऽ!"

"म्हणून आपण काय करतो? प्रत्येक प्रभाग आपला एक माणूस निवडतो. असे साठ जण इथे बसतात. आता यांच्यातल्या एकाने हात वर केला, तर तो त्याचा एकट्याचा नसतो. त्याच्या मागे अकरा हजार हात असतात. समजलं?"

एका मुलीने विचारलं, "आणि तो झोपला तर?"

"तर अकरा हजार झोपले," बाई म्हणाल्या. मुलं खूप हसली. बाई हसल्या नाहीत.

सभेत निदान वीस सभासद हजर असावे लागतात. याला गणपूर्ती म्हणतात. वीस नसले तर सभा भरलीच नाही असं धरतात. म्हणून माणसं कमी दिसली की, आणि मतदानाच्या आधी तर दर वेळी, माझी दोरी ओढतात. मोजून पाच मिनिटं. जिथे असाल तिथून या, असा त्याचा अर्थ. मी थांबले की दार बंद. जे आत ते आत, जे बाहेर ते बाहेर.

सुरुवातीची वर्षं मी फार मिरवले. माझा पहिला टोला पडला की माणसं धावत येत. एक पाववाला सभासद होता, कोपरापर्यंत पिठाने भरलेला यायचा. एक मास्तर होते, पायऱ्या चढून धापा टाकत यायचे आणि आत शिरण्याआधी चप्पल झटकायचे. भांडायचेही खूप. पण एकमेकांचं ऐकून मग भांडायचे, आणि लिंबू-राखेने मला दर सोमवारी घासलं जायचं.

मग उपाहारगृह तळमजल्यावरून वर आलं, माझ्या शेजारी. तिथून माझी अवनती सुरू झाली.

सभासद येत, हजेरीवर सही करत, आणि आत न बसता थेट उजवीकडे वळत. आतली चर्चा त्यांच्यासाठी नव्हतीच. मी वाजले की उठत, अर्धा घास तोंडात ठेवून आत जात, हात वर करत, परत येत. मी बोलावणं होते, ती मी चहा गार होण्याची वर्दी झाले. आणि जाता जाता तेलकट बोटं माझ्या दोरीला पुसत. मित्रांनो, हे मी वाढवून सांगत नाही. माझी दोरी पांढरी होती. आज ती काळी आहे, चिकट आहे, आणि तिला मुंग्या लागतात.

हात कशासाठी वर करायचा, हे त्यांना कसं कळायचं? त्याची सोय होती. सत्तेतल्या पक्षाचा एक प्रतोद होता. आपल्या माणसांना मतदानाला हाकून आणणं हे प्रतोदाचं काम. तो पहिल्या रांगेत बसायचा. त्याचा उजवा हात वर गेला की मागचे सगळे वर. खाली आला की सगळे खाली. माझी दोरी ओढणाऱ्या शिपाईबाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं हातमास्तर. एकदा त्याने जांभई देताना हात ताणला, तर मागे नऊ हात वर गेले. विषय होता दिवंगत सभासदाला श्रद्धांजलीचा.

इथवर मला नुसता कंटाळा होता. किळस पुढे आली.

त्या मंगळवारी कागदावर एकोणिसावा विषय होता, 'अल्पवापरातील आस्थापनांचे एकत्रीकरण'. वाचलंत? काही कळलं? कळू नये म्हणूनच तसं लिहिलं होतं. त्याचा अर्थ एवढाच की नदीकाठच्या प्रभागातलं अकरा खाटांचं प्रसूतिगृह बंद करायचं आणि अडलेल्या बायकांनी रेल्वेचं फाटक ओलांडून नऊ किलोमीटर दूरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. फाटक दिवसातून चाळीस वेळा बंद असतं. बाळाला ते वेळापत्रक कोण सांगणार?

शेजारच्या प्रभागाच्या एक सभासद होत्या, आधी सुईण होत्या. सगळे त्यांना सुईणबाईच म्हणत. त्या उठून बोलल्या. बारा मिनिटं बोलल्या. कुठल्या महिन्यात किती बाळं झाली, किती रात्रीबेरात्री आली, सगळं तोंडपाठ. सभागृहात त्यांच्यासकट पंधरा माणसं आणि पंचेचाळीस रिकाम्या खुर्च्या; डोकी कुणी मोजली नव्हती. त्यांनी मतदान मागितलं, आणि शिपाईबाईंनी माझी दोरी ओढली.

उपाहारगृहातून सव्वीस जण आले. दोरीला बोटं पुसली. हातमास्तराचा हात वर गेला. तेवीस हात वर गेले. विरुद्ध अठरा. प्रसूतिगृह संपलं. दार बंद झाल्यावर सगळ्याला साडेतीन मिनिटं लागली, आणि त्यात एकाने खुर्ची बदलली.

त्या तेवीस हातांत एक हात सायकलवाल्याचा होता. हा नदीकाठच्याच प्रभागातून निवडून आलेला. पूर्वी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. माणूस वाईट नव्हता. पंक्चर काढता काढता प्रत्येकाची विचारपूस करायचा, म्हणूनच तर लोकांनी निवडला.

सभा संपली तसा सज्जाचा जिना उतरून बायकांचा एक घोळका खाली आला. पुढे होती सायकलवाल्याची आई. शिवणकाम करून मुलं वाढवलेली बाई, गळ्यात अजून मोजमापाची फीत.

"थांब रे."

"आई! तू इथे कशी?"

"पायांनी. हात का वर केलास?"

"कधी?"

"आत्ता. उजवा. घड्याळवाला."

"अगं, तो एकत्रीकरणाचा विषय होता. प्रशासकीय असतं ते. तुला नाही कळायचं."

"कशाचं एकत्रीकरण?"

सायकलवाल्याने हातातल्या कागदांची चळत उलटी केली, सुलटी केली. एकोणिसाव्या विषयाचं पान तो पहिल्यांदाच उघडत होता. ती पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. तो वाचू लागला आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"आपलं प्रसूतिगृह?"

"आपलंच. खिडकीजवळच्या तिसऱ्या खाटेवर तुला जन्म दिला. बावीस तास लावलेस. तेव्हाही वेळेवर बाहेर यायला तयार नव्हतास."

घोळक्यातल्या बायका हसल्या. "आई, हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. या इमारतीत कुणीतरी काहीतरी ऐकलं म्हणायचं. तुझ्या बहिणीला सातवा लागलाय, ते तरी माहीत आहे ना? की तेही कुठल्या पानावर आहे?"

तो खरोखर शरमला. मी बरोबर त्याच्या डोक्यावर होते, मला त्याचे लाल झालेले कान दिसत होते. तेवढ्यात सुईणबाई बाहेर आल्या. त्यांनी रागावणं वगैरे काही केलं नाही. त्यांनी नियम सांगितला.

"झालेल्या मतदानाचा फेरविचार मागता येतो. पण ज्याने ठरावाच्या बाजूने हात वर केला त्यालाच, आणि पुढच्याच सभेत. मागणाऱ्याने स्वतः हजर राहायला हवं. ती सभा गेली की विषय गेला."

"मी मागतो," सायकलवाला म्हणाला. "आई, तुझ्या गळ्याची शपथ—"

"माझा गळा राहू दे. अर्ज लिही."

त्याने माझ्याखालच्या भिंतीला कागद टेकवून अर्ज लिहिला. अक्षर गिचमिड, पण सही ठसठशीत. मित्रांनो, त्या दिवशी मला वाटलं, चला, यंत्र गंजलंय पण मोडलं नाही. चूक होते, कुणीतरी दाखवतं, ती सुधारायला नियम असतो. यालाच तर लोकांचं राज्य म्हणायचं. मी इतकी खूश झाले होते की वारा आला तेव्हा उगाचच किणकिणले. आता आठवलं की लाज वाटते.

मधल्या महिन्यात एक दिवस हातमास्तर सायकलवाल्याला घेऊन उपाहारगृहातून बाहेर आला. दोघे माझ्याजवळ थांबले. हातमास्तर दोरीला बोटं पुसत होता. एकेक बोट, सावकाश, आंगठ्यासकट.

"उद्यान समितीला अध्यक्ष हवाय," तो म्हणाला. "गाडी असते त्या खुर्चीला. दिवा नाही, पण गाडी आहे."

"पण माझा तो अर्ज..."

"अर्ज असू दे की. मागे घे कोण म्हणतंय? आपल्याविरुद्ध हात वर कर असं तरी कोण म्हणतंय? छे छे! आईच्या शब्दाबाहेर जायचं नाही माणसाने. तू फक्त जरा उशीर कर. उशीर काय, कुणालाही होतो. पोट काय, कुणाचंही बिघडतं."

सायकलवाला नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. अशी न बोललेली उत्तरं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांचा आवाज एकच असतो.

पुढची सभा आली. सुईणबाईंनी घरोघर फिरून विरुद्ध मत देणारे, स्वतःसकट, अठराच्या अठरा सभासद जमवले होते. हातमास्तराच्या बाजूचे एक म्हातारे शिक्षक स्वतःहून येऊन बसले. एकोणीस झाले. विसावा सायकलवाला. तो आला असता तर गणपूर्ती झाली असती, दार बंद झालं असतं, आणि आत असलेल्या विसांनी प्रसूतिगृह वाचवलं असतं. उरलेल्यांनी बाहेर बसून चहा प्यायला असता. हातमास्तराला हा हिशेब पक्का ठाऊक होता, आणि सज्जातल्या डोळ्यांसमोर आपल्या माणसांना पुन्हा हात वर करायला लावणं त्याला नको होतं. म्हणून त्याने आपली सगळी माणसं उपाहारगृहात बसवून ठेवली होती, आणि सायकलवाला अकराला पाच कमी असताना स्वच्छतागृहात शिरला होता. कडी लागल्याचा आवाज मी ऐकला.

अध्यक्षांनी डोकी मोजली. "एकोणीस. गणपूर्ती नाही. घंटा द्या."

शिपाईबाईंनी दोरी धरली. मी जन्मात कधी वाजले नव्हते तशी वाजले. खिडक्यांची तावदानं थरथरली. उपाहारगृहातले तेहेतीस जण बशीतलं संपवत राहिले. एकानेही मान वळवली नाही.

आई सज्जात होती. मुलाची खुर्ची रिकामी बघून ती खाली आली, उपाहारगृहात डोकावली, मग समोरच्या बंद दाराकडे तिने पाहिलं. आईला काय कळायचं राहतं? तिने बोटांच्या पेरांनी दार वाजवलं.

"आत आहेस ना?"

आत पाणी सोडल्याचा आवाज झाला.

"आई, पोट बिघडलंय गं."

"बिघडू दे. पोट धरून बस, पण खुर्चीवर बस. हात एकच लागतो."

"येतो. दोन मिनिटं."

उपाहारगृहातून कुणीतरी ओरडलं, "काय आजी, बाळंतपण अडलंय का?"

आणि तेहेतीस माणसं हसली. तोंडं भरलेली असताना हसली. निवडून दिलेली माणसं, प्रत्येकाच्या मागे अकरा हजार. मला ओकता येत असतं तर मी त्या दिवशी ओकले असते.

आईने तिकडे पाहिलं नाही. ती दार वाजवत राहिली, आणि शिपाईबाई मला. पाच मिनिटं झाली. त्या थांबल्या नाहीत. चिटणीस दारातून डोकावले. जुन्या बाई निवृत्त झाल्या होत्या, हे नवे.

"बाई, पाच झाली."

"ते घड्याळ पुढे आहे, साहेब."

"बाई."

"एकदा बघा तरी, साहेब. पुढेच आहे."

"बाई, नियम आहे. आपणच मोडला तर त्यांना काय बोलणार?"

शिपाईबाईंनी दोरी सोडली. तळहात लाल झाले होते आणि दोरीच्या घाणीने काळेही. सभागृहाचं दार बंद झालं. काचेतून मला दिसलं, सुईणबाई उभ्याच होत्या, हातात तो गिचमिड अर्ज. सभा बरखास्त.

आणि माझा शेवटचा सूर पुरता विरला, तेव्हा समोरची कडी निघाली. सायकलवाला बाहेर आला. तोंडावर पाणी मारलेलं, केस ओले.

"मी येतच होतो," तो म्हणाला.

मित्रांनो, हे मला अजून पचलेलं नाही. न ऐकणारे मी पुष्कळ पाहिले. हा ऐकत होता. आयुष्यभर मी माणसांना आत बोलवायला वाजले, आणि हा माणूस दाराला कान लावून माझ्या थांबण्याची वाट बघत होता.

आईने गळ्यातली फीत काढली, गुंडाळली, पिशवीत टाकली आणि जिना उतरून गेली.

प्रसूतिगृहाला कुलूप लागलं. दोन महिन्यांनी सायकलवाल्याच्या बहिणीला कळा सुरू झाल्या आणि जे व्हायचं तेच झालं. फाटक बंद होतं. बाळ भाजीच्या टेम्पोत, कोबीच्या पोत्यांवर जन्मलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, असं शिपाईबाईंनी व्हरांडा झाडताना सांगितलं. "सुखरूप म्हणजे काय ते त्या टेम्पोवाल्याला विचारा," असंही म्हणाल्या. "आठवडाभर त्याने टेम्पो चालवला नाही." उद्यान समितीचे अध्यक्ष गाडीतून बहिणीला भेटायला गेले. बरोबर फुलांचा गुच्छ होता आणि छायाचित्रकार होता. आईने गुच्छ घेतला आणि टेम्पोवाल्याला देऊन टाकला. छायाचित्रकाराला चहा दिला. मुलाला पाणीही विचारलं नाही.

तुम्हाला वाटेल, मला फक्त त्या साठांचाच राग आहे. नाही. सभागृहाच्या सज्जात बहात्तर खुर्च्या आहेत. त्या लोकांसाठी आहेत, निवडून देणाऱ्यांसाठी. त्या मंगळवारच्या बायका सोडल्या तर त्रेपन्न वर्षांत तिथे कोण आलं? उन्हाळ्यात पंख्याखाली डुलकी काढायला आलेले. कुणाची तरी वाट बघणारे. बाकीच्यांनी मत दिलं, बोटाची शाई धुतली, आणि पुढची काही वर्षं "सगळे चोर आहेत" म्हणत घरी बसले. त्यांचीही मला किळस येते. आपला हात दुसऱ्याला वापरायला द्यायचा आणि तो कुठे घालतो ते बघायलाही जायचं नाही, याला काय म्हणायचं? घरातली विळीसुद्धा आपण अशी देत नाही.

पुढच्या सभेला सायकलवाल्याची आई आली.

ती सज्जाच्या पहिल्या रांगेत, बरोबर मुलाच्या समोर बसली. सज्जात बोलायला मनाई आहे. ती बोलली नाही. फलक दाखवायला मनाई आहे. तिच्याकडे फलक नव्हता. तिने पिशवीतून सदरा काढला आणि काजं करायला घेतली. काजं करायला मनाई नाही, चिटणिसांनी नियमांत दोनदा शोधलं.

मी वाजले. घोळका आला. विषय काहीतरी लांबलचक नावाचा होता. हातमास्तराचा हात वर गेला, मागचे हात वर गेले. सायकलवाल्याचा हात निघाला, खांद्यापर्यंत आला, आणि त्याची नजर वर गेली. आई दोरा दाताने तोडत होती. त्याच्याकडेच बघत होती. त्याचा हात कानापाशी अडकला. वर जाईना, खाली येईना. मग त्याने तो खाली घेतला आणि समोरचा कागद उलटून वाचायला सुरुवात केली. हातमास्तराने मागे वळून पाहिलं. सायकलवाला वाचत राहिला. विषय मंजूर झालाच, एका मताने काय होणार? पण त्या सभागृहात कुणीतरी पान उलटल्याचा आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला.

तेव्हापासून ती दर सभेला येते. मुलाशी अजून बोलत नाही. तिने सत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, जिन्याच्या मधल्या वळणावर ती थांबते. बाकीचे एकोणसाठ निर्धास्त आहेत, कारण त्यांच्या समोरच्या खुर्च्या रिकाम्याच आहेत.

म्हणून मित्रांनो, मला घासू नका. माझी दोरी बदला असंही मी म्हणत नाही, मुंग्यांची मला सवय झाली आहे. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा मत तर द्यालच. पण तोवर थांबायचं कारण नाही. शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी या. येताना घरच्यांनाही ओढून आणा. वर त्या आजींच्या शेजारी बसा. काही बोलू नका, फक्त बघा. खालच्यांना हात वर करण्याआधी मान वर करायची सवय लागली पाहिजे.

सभा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकराला असते. सज्जात यायला कुणाची परवानगी लागत नाही.